ड्रॅगन उतरायलाच तयार नव्हता

आमच्या रोलप्लेइंग गेममध्ये खेळाडू काही काळ ड्रॅगन होऊ शकतो. त्या रूपाचं बॅलन्सिंग, म्हणजे त्याची ताकद खेळाला साजेशी ठेवणं, माझ्याकडे होतं. बिल्ड, म्हणजे खेळाची तयार आवृत्ती, गोठवायला दोन दिवस उरले असताना सकाळी टेस्टरचा निरोप आला: दुसऱ्या अंकाचा बॉस, म्हणजे शेवटचा मोठा शत्रू, दोन मिनिटांच्या आत मेला. ही लढाई किमान साडेतीन मिनिटं चालायला हवी होती.

घाईत मी सोपा मार्ग धरला. माणसाच्या रूपात शत्रूला सेकंदाला ६० डॅमेज, म्हणजे इजा, आणि ड्रॅगनचं १८०. ते मी १२० वर आणलं. तासाभराने ती टेस्टर माझ्या टेबलाशी आली. म्हणाली, "अरे, आता लढाई अडीच मिनिटं चालते. पण पंख फुटल्यावर काही वाटतच नाही. आणि मी अजूनही शेवटपर्यंत ड्रॅगनच असते."

शेवटपर्यंत? रूप तर २० सेकंदांत संपायला हवं! ड्रॅगन व्हायला भरावा लागणारा रोषाचा मीटर २०० चा आणि ड्रॅगन झालं की तो सेकंदाला १० ने उतरतो.

जेवण बाजूला ठेवून लढाईच्या नोंदींचा लॉग उघडला. शत्रूला लागलेल्या घावागणिक मीटर २ ने वाढतो, हा नियम माझाच. आगीत जळणाऱ्या शत्रूला दर अर्ध्या सेकंदाला चटका बसतो आणि गेम तो चटकाही घाव म्हणून मोजत होता. म्हणजे एक जळता शत्रू सेकंदाला ४ परत देत होता. एकटा बॉस समोर असेल तर २० चे ३३ सेकंद व्हायचे. तेवढं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. पण हा बॉस तीन पिशाच्चं बोलावतो. तिघं पेटली की सेकंदाला १२ जमा, १० खर्च. खेळाडूला अडचणीत आणायला ठेवलेली पिशाच्चंच ड्रॅगनला पोसत होती.

कॅपकॉमच्या २००२ च्या 'ब्रेथ ऑफ फायर: ड्रॅगन क्वार्टर'मध्ये ड्रॅगनची ताकद अफाट आहे, पण ती वापरली की एक टक्केवारी चढत जाते आणि १०० झाली की खेळच संपतो. ताकदीला हात न लावता तिची किंमत वाढवलेली. मला ते फार आवडतं. अशी कायमची शिक्षा आमच्या खेळाला जड झाली असती, पण दिशा मला तीच पटली.

डॅमेज पुन्हा १८० केलं. ड्रॅगन-रूपात मीटर भरणं पूर्ण बंद केलं. सकाळचा बदल मागे घेताना खरंच हलकं वाटलं, कारण ड्रॅगन झाल्यावर खेळाडूला आपण दुबळे आहोत असं वाटलं, तर ते रूप ठेवायचंच कशाला?

संध्याकाळी ती पुन्हा खेळायला बसली, मी मागे उभा. या वेळी मीटर हवेतच संपला आणि ती माणूस होऊन थेट तीन पिशाच्चांच्या मध्ये उतरली. कशीबशी निसटली. मीटर पुन्हा भरला तेव्हा तिचं बोट बटणावर गेलं आणि थांबलं. आधी तिने पिशाच्चं एकेक करून मारली, बॉस मोकळ्यात येऊ दिला आणि मग बटण दाबलं.