व्हॉल्व्हच्या रेडिओपासून पुन्हा व्हॉल्व्हच्या रेडिओपर्यंत : आमची वाटचाल

अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, १९७१ साली मिरजेत रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं. तेव्हा घरोघरी मर्फी, बुश, फिलिप्स, एचएमव्हीचे व्हॉल्व्हचे, म्हणजे ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काचेच्या नळ्यांचे, सेट होते. रेडिओ ठेवायला लायसन्स लागायचं आणि त्याची फी पोस्टात भरायची. पुढे ट्रान्झिस्टर आले, टेपरेकॉर्डर आले, टीव्ही आले, तेही आम्ही दुरुस्त केले. मग दुरुस्तीपेक्षा नवी वस्तू स्वस्त पडू लागली आणि दुकानातली गर्दी ओसरली. त्या वर्षांबद्दल फार लिहावंसं वाटत नाही.

पुन्हा काम आलं ते माळ्यांवरून. जुनं घर पाडून अपार्टमेंट बांधायची वेळ आली की आजोबांचा सेट सापडायचा. लोक तो घेऊन यायचे आणि म्हणायचे, "विकायचा नाही, वाजता करून द्या." अण्णांनी जुन्या व्हॉल्व्हची खोकी भंगारात जाऊ दिली नव्हती. आजचा आमचा धंदा त्या खोक्यांवर उभा आहे. स्पीकर चालवणारा ईएल ८४ हा आउटपुट व्हॉल्व्ह अजून रशियात आणि स्लोव्हाकियात बनतो, पण स्टेशन पकडणाऱ्या ईसीएच ८१ साठी जुन्या साठ्याशिवाय गती नाही.

आमच्याकडे आलेला सेट थेट प्लगला कधीच लागत नाही. आधी सगळे कागदी कंडेन्सर, म्हणजे वीज साठवणारे छोटे भाग, तपासायचे. त्यातही आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडला (करंट आवरणाऱ्या आतल्या जाळीला) जोडलेला एक जण फार घातकी असतो. तो गळू लागला की मागच्या टप्प्यातला व्होल्टेज ग्रिडवर येतो, व्हॉल्व्ह नको तेवढा करंट ओढतो आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो. काही रुपयांचा भाग, पण नुकसान हजारोंचं. तो बदलल्यावरच सिरीज बल्ब लावून, म्हणजे वाटेत करंट आवरणारा बल्ब जोडून, हळूहळू वीज द्यायची. वीज सपाट करणाऱ्या मोठ्या फिल्टर कंडेन्सरचा ॲल्युमिनियमचा डबा आम्ही टाकत नाही, आतला माल काढून नवा त्यातच बसवतो. काढलेले सगळे भाग पाकिटात घालून गिऱ्हाइकाला परत करतो. सेट त्याचा आहे, त्यात काय केलं हे त्याला दिसायला हवं.

मिरजेत असल्याचा फायदा आम्हाला मिळाला तो सतारमेकरांच्या गल्लीमुळे. तंबोऱ्याला चपडी लाखेचं पॉलिश करणारे हात इथे आहेत, आणि रेडिओच्या कॅबिनेटलाही तेच पॉलिश शोभतं. आमचा पोरगा ते तिथेच बसून शिकला. पण त्यांच्या हातांपेक्षा त्यांचे कान जास्त मोलाचे. सेट पूर्ण झाला की तंबोरे बनवणाऱ्या एका काकांना ऐकायला बोलावतो. आपली वीज ५० हर्ट्झची, ती सेटमध्ये एकदिश करताना लहर दुप्पट होते, त्यामुळे फिल्टर कच्चा राहिला की स्पीकरमधून १०० हर्ट्झची घूं येते. पांढरी एकला (पेटीच्या पहिल्या पांढऱ्या पट्टीला) लावलेल्या तंबोऱ्याची पंचमाची तार साधारण ९८ हर्ट्झला बोलते. म्हणजे ही घूं पंचमाला जवळजवळ चिकटून बेसूर होते. आम्हाला मीटर लावून जे दिसतं ते काकांना दारातूनच कळतं. "अजून पंचमाशी भांडतोय," एवढं म्हणाले की आम्ही सेट पुन्हा टेबलावर घेतो.

ऑगस्ट २०१९ चा महापूर आला तेव्हा सांगलीतून गाळाने भरलेले सेट येऊ लागले. लोकांचं घरदार पाण्यात गेलं होतं, तरी रेडिओ पोत्यात बांधून आणायचे. त्या कामाने आम्हाला खरं कारागीर केलं. जुन्या कॅबिनेटचं लाकूड सरसाने चिकटवलेलं, ते पाण्यात सुटून वरचा पापुद्रा उघडला होता. पण सरस सुटतो तसा पुन्हा लावताही येतो. पापुद्रे सपाट दाबून, वाळवून आम्ही परत चिकटवले. चासी, म्हणजे सगळे भाग बसवलेली धातूची चौकट, आधी स्वच्छ पाण्याने धुतली, कारण गाळ वाळला तर तो ओल धरून ठेवतो. ट्रान्सफॉर्मर बल्बच्या उबेत दिवसेंदिवस ठेवले आणि मेगर या मीटरने इन्सुलेशन तपासल्याशिवाय वीज दिली नाही. कागदी कोन फुगलेले काही स्पीकर मात्र वाचले नाहीत. जे ट्रान्सफॉर्मर वाचले नाहीत त्यांच्या तारा नव्याने गुंडाळायला तेव्हा शिकलो, आणि आता बाहेरगावचंही वाइंडिंग आमच्याकडे येतं.

ब्लूटूथबद्दल नेहमी विचारणा होते. कॅबिनेट रिकामं करून त्यात बोर्ड बसवायचं काम आम्ही घेत नाही, पैसे कितीही मिळोत. त्याची गरजही नसते. बहुतेक व्हॉल्व्ह रेडिओंच्या पाठीला रेकॉर्ड प्लेअरसाठी पिकअपची दोन भोकं असतात, तिथे मोबाईल जोडता येतो आणि आवाज जुन्याच व्हॉल्व्हमधून येतो. फक्त एक बघायचं : काही स्वस्त सेटमध्ये मेन ट्रान्सफॉर्मर नसतो आणि चासी थेट विजेला जोडलेली असते. अशा सेटला आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (सेटला थेट विजेपासून वेगळा करणारा) लावल्याशिवाय काहीही जोडू नका. त्यात जीव जाऊ शकतो.

रेकॉर्ड प्लेअरचं कामही वाढलंय. जुन्या क्रिस्टल कार्ट्रिजमध्ये (सुईचा कंप विजेत बदलणारा भाग) रोशेल सॉल्ट हा क्षार असतो, तो दमट हवेत मरतो. कोकणातून आलेल्या प्लेअरमध्ये तो जिवंत सापडणं दुर्मीळच, म्हणून आम्ही सिरॅमिक कार्ट्रिज बसवतो. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्यांना रुंद सुई हवी. एलपीची बारीक सुई त्या खाचेच्या तळाला घासते आणि सगळी खरखर ऐकवते. किराणा घराण्याचे गायक खाँसाहेब अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले. त्यांच्या १९३०च्या दशकातल्या तबकड्या योग्य सुईने, व्हॉल्व्हच्या सेटवर लावल्या की दुकानातलं काम थांबतं. जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटांची एक बाजू, आणि षड्ज लागताच रस्त्यावरचा माणूस आत येतो.

या वर्षी स्पूलचं, म्हणजे चाकावर गुंडाळलेल्या जुन्या टेपचं, काम सुरू केलं आहे. घरगुती मैफलींची स्पूलं या भागात अनेक कपाटांत पडून आहेत, आणि ग्रुंडिगच्या स्पूल वाजवणाऱ्या मशिनातले रबरी पट्टे डांबरासारखे वितळले आहेत. स्पूल असेल तर ते आधी कुठल्याही मशिनवर चालवून पाहू नका, तसंच घेऊन या.