लॉट नंबर आठच्या घाटावर

कोलकात्याच्या सियालदाह स्टेशनहून नामखाना लोकल धरली की अडीच-तीन तासांत काकद्वीप. तिथून टोटोवाल्याला, म्हणजे ई-रिक्षावाल्याला, ‘लॉट एट’ एवढंच सांगायचं. सागर बेटाला जाणाऱ्या बोटींचा हा घाट. त्याच्या नावापायीच मी एवढ्या लांब आलो.

सुंदरबनात नकाशा काढायचा तर चढून पाहायला टेकडी नाही, खुणेला सुळका नाही. ईस्ट इंडिया कंपनीचा सर्वेक्षक जेम्स रेनेल याने १७६४ पासून बंगालच्या नद्या होडीतून होकायंत्राने नोंदल्या. त्याच्या नकाशात या किनाऱ्यावर खाड्यांचं जाळं आहे आणि मगांच्या, म्हणजे आराकानच्या चाच्यांच्या, लुटीमुळे मुलूख ओस पडल्याचा शेरा आहे. पुढे १८२९-३० मध्ये कमिशनर डॅम्पियर आणि लेफ्टनंट हॉजेस यांनी जंगलाची हद्द आखली. आतली जमीन लागवडीला देण्यासाठी लॉट म्हणजे तुकडे पाडले, त्यांना नंबर दिले. गावं वसण्याआधीच आकडे पडले, आणि त्यातला एक आजही तिकिटाच्या खिडकीवर ऐकू येतो. रेनेलचा आणि हॉजेसचा, दोन्ही नकाशे इंटरनेटवर सापडतात. निघण्याआधी उतरवून घ्या, आणि शक्य तर कागदावर छापून न्या. उन्हात मोबाईलवर खाडीची बारीक रेघ दिसत नाही.

मी कोकणातला. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करून भरतीची वेळ काढली आणि फसलो. तो हिशोब आपल्या किनाऱ्याचा, हुगळीच्या मुखाशी तो लागत नाही. ओहोटीत घाट आणि सागर बेट यांच्यामधल्या मुडीगंगा नदीत गाळ वर येतो आणि बोटी थांबतात. अडीच तास घाटावर बसून काढले. तेव्हा वेळ आदल्या दिवशी तिथल्याच माणसांना विचारा.

सागरपेक्षा घोडामारा जरूर बघा. हे बेट पूर्वी सागरचाच भाग होतं. शेजारचं लोहाचरा तर पाण्याखाली गेलं. घोडामाऱ्यावर विटांचा रस्ता बांधापर्यंत जातो आणि तिथंच तुटतो. शेवटची वीट अर्धी हवेत, खाली करडा चिखल आणि त्यात उभं माडाचं वठलेलं खोड. आपल्याकडे खाजणाचा बांध फुटला तर पुन्हा घालतात. इथं पुन्हा घातलेला बांध दरवेळी आणखी आत सरकतो. जुना नकाशा हातात धरून त्या कडेला उभं राहिलं की पोटात कालवतं.

बांधाच्या अगदी टोकाशी जाऊ नका, माती खालून पोखरलेली असते. होड्या मोजक्याच, त्यामुळे परतीची वेळ पक्की करूनच उतरा. पाणी आणि खाणं बरोबर घ्या.