कुंडईची पांढरी पावडर : आमची वाटचाल

तुमच्या कुंडईच्या युनिटमध्ये काय बनतं, असं गोव्यात फोंड्याच्या बाजारात कोणी विचारलं तर मी 'पीव्हीसीत घालायची पावडर' एवढंच सांगते. खरं नाव हायड्रोटाल्साइट. हे खनिज १८४२ च्या सुमारास सापडलं, पण निसर्गात ते थोडंच. विकला जाणारा माल बहुतेक कारखान्यातलाच.

साध्या चिकणमातीच्या थरांवर ऋणभार असतो. आमची पावडरही थरांचीच, पण हिचं उलटं. थरातल्या मॅग्नेशियमच्या काही जागा अ‍ॅल्युमिनियम बळकावतं, त्यामुळे धनभार वाढतो आणि तो फेडायला दोन थरांमध्ये कार्बोनेटसारखे ऋण आयन नि पाणी येऊन बसतं. पीव्हीसी तापलं की त्यातून हायड्रोक्लोरिक आम्ल सुटतं, आणि ते आम्लच पुढची नासाडी वाढवतं. आमची पावडर ते आम्ल गिळते. क्लोराइड थरांमध्ये जाऊन अडकतं.

२०१२ मध्ये गोव्यातल्या खाणी थांबल्या तेव्हा धाकटा भाऊ डिचोलीकडे खाणीच्या प्रयोगशाळेत होता, मी वेर्ण्याच्या औषध कंपनीत क्यूसीत, म्हणजे मालाची गुणवत्ता तपासणाऱ्या विभागात. त्याला हाताशी काम हवं होतं, मला दुसऱ्याच्या मालावर सह्या करायचा कंटाळा आला होता. कर्ज, शेड, परवाने हे सगळ्यांचं असतं तसंच झालं.

कृती कागदावर सोपी आहे. मॅग्नेशियम आणि अ‍ॅल्युमिनियम क्लोराइडचं द्रावण एकीकडून, कॉस्टिक सोडा आणि सोडा अ‍ॅश (म्हणजे सोडियम कार्बोनेट) दुसरीकडून, पीएच दहाच्या आसपास धरून सावकाश सोडायचं. घाई केली की अ‍ॅल्युमिनियम हायड्रॉक्साइड वेगळंच खाली बसतं. मग गरम ठेवून मुरवायचं. मुरल्याशिवाय स्फटिक वाढत नाहीत आणि फिल्टर प्रेसमधून पाणी हलत नाही.

खरा खर्च धुण्यात, म्हणजे मालात उरलेलं क्लोराइड काढण्यात. धुवणाच्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकला की पांढरं गढूळ दिसतं. ते दिसेनासं होईपर्यंत धुवायचं. शेवटचं धुवण पुढच्या घाण्याच्या पहिल्या धुण्याला वापरतो, नाहीतर पाण्याचं बिल आणि सांडपाणी दोन्ही झेपणार नाही. पावसाळ्यात ड्रायरवरच्या मुलांचं एकच पालुपद, "मॅडम, आयज सुकपाचें ना." शेवटी स्टिअरिक आम्लाचा पातळ लेप, म्हणजे पावडर प्लास्टिकमध्ये नीट पसरते.

एक्सआरडीचं, म्हणजे क्ष-किरणांनी स्फटिकाची रचना तपासायचं यंत्र आमच्या आवाक्यातलं नव्हे; नमुने बाहेर तपासून घेतो. त्यातून निघणाऱ्या आलेखात कार्बोनेट मालाचं पहिलं शिखर साडेअकरा अंशांच्या आसपास यायला हवं, म्हणजे थरांमधलं अंतर सुमारे ७.७ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग). बाजारात या नावाने विकलं जाणारं काही सामान म्हणजे दोन हायड्रॉक्साइडांची नुसती मिसळ असते. आलेखाशिवाय कोणी विकत घेऊ नये, आमच्याकडूनही नाही.

पीव्हीसी तापून नासू नये म्हणून घालतात तो स्टॅबिलायझर; पाइपांत शिशाच्या स्टॅबिलायझरवर बंधन आणणारे नियम केंद्राने २०२१ मध्ये काढले, तेव्हापासून शिशाऐवजी कॅल्शियम-झिंकचे स्टॅबिलायझर बनवणाऱ्यांचे फोन वाढले. अँटासिडसाठीही हेच द्रव्य वापरतात, पण औषधाचे परवाने वेगळे, शेड वेगळी. त्या वाटेला गेलो नाही. वेर्ण्याला ते जग पुरेसं पाहिलं आहे.

संशोधक मात्र नायट्रेट ग्रेड, म्हणजे थरांमध्ये कार्बोनेटऐवजी नायट्रेट असलेला माल मागतात, कारण नायट्रेट सहज बाहेर पडतं आणि त्याच्या जागी हवा तो आयन घालता येतो. तिथे हवाच वैरी. या थरांना कार्बोनेटची ओढ इतकी की हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळलेलं उघड्या टाकीतलं पाणीही घात करतं. पाणी उकळून घ्यायचं, वर नायट्रोजन सोडायचा, आणि तरी थरांमधलं अंतर ८.९ अँगस्ट्रॉमच्या जवळ आलं नाही तर तो घाणा संशोधकांना द्यायचा नाही. किलोमागे भाव ऐकून लोक दचकतात, पण त्यात घासाघीस नाही. ही ग्रेड हवी असेल तर महिनाभर आधी कळवावं. तयार करून ठेवत नाही.