चार वाजता उठून जाणारा बैल

त्या धोंड्याला कुणीतरी डोळे काढले होते. ऑइल पेंटने. पांढरे गरगरीत गोल, मध्ये काळे ठिपके, खाली फाकलेलं लाल तोंड आणि उरलेल्या अंगावर पोपटी रंगाचे जाड थर. घाटातल्या वळणावर गाडी आली तसा मागच्या सीटवरून भाचा ओरडला, "मामा, बेडूक!" आणि लगेच पुन्हा मोबाईलमध्ये डोकं घातलं. मी गाडी बाजूला घेतली, पण तो खाली उतरला नाही. उतरून बघण्यासारखं काही राहिलंच नव्हतं.

हा धोंडा मी लहानपणापासून बघत आलोय. सांगलीहून माणमधल्या आत्याकडे निघालो की बाबा एम-८० इथे उभी करायचे, इंजिन गार होऊ द्यायचे आणि विचारायचे, "काय दिसतंय?" स्वतःचं उत्तर आधी कधीच सांगायचे नाहीत. मला कासव दिसायचं. ताईला तव्यावर फुगलेली भाकरी. बाबांना मात्र डोक्यावरून पदर घेऊन पाठमोरी बसलेली बाई दिसायची. ती बाई मला कधी दिसली नाही. बाबांना जाऊन सहा वर्षं झाली, तरी इथून जाताना प्रत्येक वेळी मी ती शोधतो. यंदा तिच्या जागी एक पोपटी बेडूक बसला होता. मला इतका राग आला की पुढचे दहा-बारा किलोमीटर मी कुणाशी बोललो नाही.

खरं तर या सहलीचं निमित्तच दगड होतं. भाच्याला सुट्टी होती, त्याला प्राण्यांसारखे दिसणारे दगड बघायचे होते. म्हणून आदल्या दिवशी महाबळेश्वरला गेलो. त्या दिवसाबद्दल फार लिहिण्यासारखं नाही: रविवार, पार्किंगला पाऊण तास, मक्याच्या कणसांचा धूर. केट्स पॉइंटजवळचा हत्ती मात्र पाहिला. मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याच्या मुलीचं हे नाव, त्याआधी या जागेला नाकिंदा म्हणत. कड्याचा एक सुळका पुढे येऊन खाली उतरलाय आणि त्याच्या व मूळ कड्याच्या मध्ये आरपार भोक आहे, त्यामुळे सोंड खाली सोडून उभा असलेला हत्ती दिसतो. पलीकडे खोल खाली बलकवडी आणि धोमचं पाणी.

इंग्रजांनी त्याला नीडल होल म्हटलं, पण आपल्याकडे अशा आरपार भोकाला नेढं म्हणतात, म्हणजे सुईचंच भोक. राजगडाच्या सुवेळा माचीला आहे, रतनगडाला आहे. डोंगराच्या उतरत्या धारेला आपण सोंडच म्हणतो. डोंगराला माथा, खांदा, कूस, नाक, पाय, सगळं आहे. आपल्या माणसांनी डोंगराकडे कायम एखाद्या जित्राबाकडे पाहावं तसंच पाहिलंय, असं मला तिथे फार वाटलं. पण शांतपणे उभं राहायला जागाच नव्हती. मागून लोक "झालं का, सरका" म्हणत होते, आणि पोहोचायच्या आतच गाइड ओरडून सांगत होता, हत्ती, हत्ती, तो बघा हत्ती. भाच्याने फोटो काढला. दोनच मिनिटांत आम्ही बाहेर.

दुसऱ्या दिवशी साताऱ्याहून कोरेगाव, वर्धनगडाचा घाट, पुसेगाव करत माणात उतरलो. वाटेतल्या एका छोट्या घाटातली त्या बेडकाची गोष्ट वर आलीच आहे. कोरेगावात आत्यासाठी वाघ्या घेवडा घेतला. दाण्यावरचे तांबूस पट्टे बघून ज्याने कुणी त्याला वाघ्या म्हटलं, त्याला माझा नमस्कार.

आत्याच्या गावामागच्या माळाचं नाव मी इथे मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं तर तिथेही रंगाचा डबा पोहोचेल अशी मला खरोखर भीती वाटते. आत्याचे शेजारी, सगळे त्यांना तात्या म्हणतात, तिथे मेंढरं घेऊन जातात. जेवण झाल्यावर ते म्हणाले, "पाव्हणं, दगडं बगायची आस्तील तर आत्ताच चला. चार वाजलं की बैल उठून जातूय."

भाचा माझ्याकडे बघायला लागला. मीही त्यांचं बोलणं थट्टेवारी नेलं.

माळावर गवत वाळून पिवळं पडलेलं, मुरूम पायाखाली करकरत होता, आणि मध्येच काळे गोल धोंडे पडलेले, कुणी आणून ठेवल्यासारखे. ते कुणी आणलेले नाहीत. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हाचे थरावर थर साचले, थंड होताना त्यांना भेगा पडल्या आणि खडकाचे चौकोनी ठोकळे झाले. भेगांतून पाणी शिरलं. ठोकळ्याचा कोपरा तीन बाजूंनी झिजतो, कड दोन बाजूंनी, सपाट भाग एकाच बाजूने. म्हणून कोपरे आधी जातात आणि चौकोन हळूहळू गोल होतो. एका धोंड्याजवळ भाच्याला बसवलं. वरचा थर कांद्याच्या पापुद्र्यासारखा सुटला होता. त्याने नखाने टोक उचललं तसा वीतभर तुकडा हातात आला, आतून तांबूस, चुरचुरीत. खाली पुन्हा दुसरा पापुद्रा. मोबाईल खिशात कधी गेला ते त्याला कळलं नाही.

तात्यांनी आम्हाला एका बाभळीपाशी उभं केलं. "हितनं बगा. फुडं जाऊ नगा." समोर दोन धोंडे होते, एक लांबट, एक लहान. मला काही दिसेना. तात्या काहीच बोलले नाहीत, बाबांसारखेच. मग भाचा हळूच म्हणाला, "बसलाय." आणि मलाही दिसला. पुढचे पाय दुमडून, मान जराशी वळवून, रवंथ करत बसलेला खिलार. वशिंड वरच्या कंगोऱ्याचं. मान मात्र दगडाची नव्हतीच, लांबट धोंड्याची सावली लहान धोंड्यावर पडून ती झाली होती. जवळ गेलो तर डोळ्याच्या जागी दगडफुलाच्या जातीचा, दगडाला गच्च चिकटलेला पांढुरका गोल होता, रुपयाएवढा, कडेला फिकट, मध्ये करडा. ही वाढ वर्षाला जेमतेम मिलिमीटरभर होते, कधी तेवढीही नाही. म्हणजे तो डोळा माझ्या भाच्यापेक्षा मोठा असणार. यावर एकदा रंगाचा ब्रश फिरला की तो संपला.

सव्वाचारला सावली सरकली, मान विरून गेली आणि दोन धोंडे उरले. बैल उठून गेला होता.

परतताना बांधावर शेंदूर फासलेला दगड लागला. भाच्याने विचारलं, "तात्या, देवाला पण रंगवलंयच की?" हा प्रश्न मलाही पडला होता, मी विचारला नसता. तात्या थांबले, दगडाला हात लावून कपाळाला लावला. "ह्यो म्हसोबा. ह्येला डोळं न्हाईत, तोंड न्हाई. कसा हाय त्ये आमी सांगितलंय का कुणाला? तरी राखण करतूय." अशा दगडाला तांदळा म्हणतात, आणि शेंदराचे थर चढत चढत त्याची खोळ होते. काही देवांना चांदीचे डोळे बसवतात हे मला माहीत आहे. पण तिथे माणूस हात जोडायला थांबतो. त्या घाटात थांबायचं कारणच पुसून टाकलं होतं.

रात्री आत्याच्या अंगणात भाचा ओळीने सांगत होता: झोपलेलं कुत्रं, घुबड, पोत्यावर बसलेला माणूस. निम्मे दगड मला आठवतही नव्हते.

दुसऱ्या दिवशी त्याच घाटातून परतलो. वळण यायच्या आधीच तो म्हणाला, "मामा, थांब." उतरला आणि बेडकाकडे न बघता सरळ धोंड्याच्या मागे गेला. मागच्या बाजूला रंग नव्हता. तिकडे उतार आणि घाणेरीची झुडपं, रंगवणाऱ्याला पाय ठेवायला जागा मिळाली नसावी. काळा, खरबरीत, पावसाच्या पाण्याच्या उभ्या रेघा असलेला तोच धोंडा.

"काय दिसतंय?" मी विचारलं.

बराच वेळ तो मान तिरकी करून बघत राहिला. "उंट. खाली बसलेला."

मला उंट दिसेना. बाईही दिसेना. झुडपं बाजूला सारून मी त्याच्या शेजारी उकिडवा बसलो, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर. तो बोटाने हवेत गिरवत होता, "ही मान, मामा. नाही, ही नाही, त्याच्या वरची."

मागून एक एसटी हॉर्न वाजवत गेली. आम्ही तिथेच होतो.