टेस्ट बेंचवरची शंभर मिनिटं

आमच्या व्हॉल्व्हच्या कारखान्याला दुसरा टेस्ट बेंच, म्हणजे व्हॉल्व्ह गळतो का ते तपासायचं यंत्र, हवा होता. खरेदीची फाइल तयार होती, बहुतेक सह्याही झाल्या होत्या. शेवटच्या सहीआधी कुणीतरी विचारलं, इंडस्ट्रियल इंजिनिअरिंगचं मत घेतलंय का? म्हणून फाइल माझ्या टेबलावर आली. आमच्या खात्याकडे कामं बहुधा अशीच येतात, निर्णय झाल्यावर, शिक्का मारण्यापुरती.

त्याच सुमारास माझ्या हाताखाली एक प्रशिक्षणार्थी मुलगी आली होती. मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला होती आणि शाखा बदलून इंडस्ट्रियल घ्यावी का, या विचारात होती. तिचा पहिलाच प्रश्न होता, "मॅडम, सिव्हिलवाले पूल बांधतात, मेकॅनिकलवाले मशीन बनवतात. आपण काय बनवतो?" यावर माझ्याकडे एक पाठ केलेलं उत्तर आहे, माणसं, यंत्रं, माल आणि माहिती यांची सांगड वगैरे. ते ऐकून कुणी ही शाखा घेतल्याचं मला आठवत नाही. मी म्हटलं, उद्या पहिल्या शिफ्टला ये. दिवसभर उभं राहायचंय, तसे बूट घाल.

टेस्ट बेंचचं काम बघायला सोपं आहे. व्हॉल्व्ह फिक्स्चरमध्ये, म्हणजे त्याला पकडून ठेवणाऱ्या साच्यात, आवळायचा, आत पाणी भरायचं, दाब चढवायचा, ६० सेकंद काट्यावर नजर ठेवायची, काटा पडला नाही तर पाणी सोडून व्हॉल्व्ह उतरवायचा. शिफ्टला १८० हवे होते, निघत होते १४०. बेंचच्या पुढ्यात ४२० व्हॉल्व्हचा ढीग साचला होता. मी तिला विचारलं, आत्ता रांगेच्या शेवटी ठेवलेला व्हॉल्व्ह कधी तपासला जाईल? ती फॉर्म्युला आठवायला लागली. ४२० भागिले १४०, तीन शिफ्ट. रांगेतल्या गोष्टी, त्या सुटण्याचा वेग आणि थांबण्याचा वेळ यांचं हे नातं अमेरिकी संशोधक जॉन लिटल यांनी १९६१ साली गणिताने सिद्ध केलं. ते बँकेच्या खिडकीला लागू आहे, रुग्णालयाच्या ओपीडीलाही आहे. या शाखेची मंडळी विमानतळांपासून गोदामांपर्यंत कुठेही खपतात, ती अशा गोष्टींमुळे.

मी स्टॉपवॉच काढलं आणि ऑपरेटरने पाठ फिरवली. अगदी ठरवून, बेंच आणि मी यांच्यामध्ये स्वतःला उभं करून. मुलगी गोंधळली. मला नवल वाटलं नाही. १९११ साली अमेरिकेतल्या वॉटरटाउनच्या शस्त्रास्त्र कारखान्यात ओतकाम करणाऱ्या कामगारांनी याच घड्याळावरून संप केला होता. कामाचा वेळ घड्याळ लावून ठरवणारे इंजिनिअर फ्रेडरिक टेलर यांच्या पद्धतीने आपलं काम मोजून घ्यायला एकाने नकार दिला, त्याला काढलं, बाकीचे बाहेर पडले. पुढे सरकारी पैशावर चालणाऱ्या लष्करी कारखान्यांत स्टॉपवॉच वापरायला अमेरिकी काँग्रेसने बंदी घातली आणि ती १९४९ पर्यंत टिकली. अभ्यासक्रमात टेलर येतात, संप बहुतेक वेळा एका ओळीत उरकतात. मला ही अदलाबदल व्हावी असं वाटतं.

मी ऑपरेटरला घड्याळ दाखवलं, वही दाखवली. म्हटलं, तुमचं नाव यात कुठे नाही, मी बेंच मोजतेय. तो म्हणाला, "बेंच काय एकटा चालतो?" पण बाजूला सरकला.

एका व्हॉल्व्हला १४५ सेकंद लागत होते. शिफ्टचे आठ तास, त्यातून सुट्ट्या वजा जाता ४४० मिनिटं, भागिले १८०, म्हणजे एका व्हॉल्व्हच्या वाट्याला १४६ सेकंद. मुलीने दोनदा मांडून पाहिलं. "मॅडम, मग बेंच पुरतो की!" कागदावर पुरत होता. आता ४० व्हॉल्व्ह कुठे जातात ते शोधायचं होतं, आणि त्यासाठी डोळ्यांखेरीज काही लागत नाही.

साधारण तासाभराने साइज बदलली. बेंच थांबला. ऑपरेटरने आठ बोल्ट सोडवले. पाना उजवीकडच्या खुंटीला टांगलेला होता आणि हा गडी डावखुरा. दर वेळी पुढे वाकून, पोटावरून हात आडवा टाकून पाना काढायचा आणि तसाच परत अडकवायचा. मग तो टूल रूमकडे निघाला. आम्ही मागोमाग. पुढच्या साइजचं फिक्स्चर दुसऱ्या दोन फिक्स्चरखाली दबलेलं. ते मोकळं केलं तर होइस्ट, म्हणजे जड वस्तू उचलायचा पाळणा, डिस्पॅचवाल्यांनी नेलेला. होइस्ट येईपर्यंत गॅस्केटचा, सांध्यातून पाणी गळू न देणाऱ्या चकतीचा, शोध. सगळं घेऊन आला, बसवलं, पहिला व्हॉल्व्ह गळला, गॅस्केट उलटं होतं, पुन्हा सोडवलं. घड्याळात २५ मिनिटं झाली. या २५ पैकी बेंच खरोखर थांबवून ठेवण्याची गरज असलेलं काम मोजलं तर नऊ मिनिटांचं. बाकी सगळं मागचा लॉट चालू असतानाच उरकता आलं असतं. जपानी इंजिनिअर शिगेओ शिंगो यांनी सेटिंगची, म्हणजे एका कामावरून दुसऱ्या कामावर मशीन वळवण्याची, ही फोड करून दाखवली, मशीन थांबवून करायचं काम वेगळं, चालू असताना करता येण्यासारखं वेगळं. टोयोटात १००० टनी प्रेसची चार तासांची सेटिंग त्यांनी तीन मिनिटांवर आणली, ती आधी हीच यादी करून.

त्या शिफ्टमध्ये साइज चार वेळा बदलली. का, तर मशीन शॉपमधून जो माल सुटेल तो तसाच पुढे येत होता, क्रम कुणी लावतच नव्हतं. चार गुणिले २५, शंभर मिनिटं. उरली ३४०. त्यात १४५ सेकंदांचे व्हॉल्व्ह बसतात १४०. हिशोब इतका चपखल बसला की मुलीचा चेहराच उजळला. ती शाखा घेणार, हे मला तेव्हाच कळलं. बरोबर आलेल्या उत्तराची नशा असते, आमच्यातल्या बऱ्याच जणांना तिनेच इकडे ओढलंय.

पण दिवस संपला नव्हता. शिफ्ट सुटताना ऑपरेटर हात पुसत आमच्याजवळ आला. "सापडलं का?" मी वही पुढे केली. त्याने आकडे वाचले, मान हलवली. "फिक्स्चर आधी आणून ठेवलं तर वेळ वाचतो, हे मला माहीत नाही असं वाटलं तुम्हाला?"

"मग काका, आणून का नाही ठेवत?" मुलीने विचारलं.

"शिफ्टला ४० कमी पडतात म्हणून सुट्टीच्या दिवशी बेंच चालवतात. त्या दिवसाचे पैसे दुप्पट. घराचा हप्ता त्यातून जातो. तुमची ही शंभर मिनिटं वाचली की माझी सुट्टी परत येणार, आणि हप्ता कोण भरणार?"

तिला काही बोलता येईना. मी त्याला विचारलं, महिन्याला साधारण किती ओव्हरटाइम होतो. त्याने सांगितलं. तोही आकडा मी त्याच पानावर, त्याच्या देखत लिहिला.

कॅन्टीनपाशी आल्यावर तिने विचारलं, "हे कुठल्या पेपरात असतं?" प्रश्न योग्य होता. ऑपरेशन्स रिसर्चमध्ये हे नसतं, रांगांचं गणित शिकवणाऱ्या क्यूइंग थिअरीत नसतं. वर्क स्टडीच्या पुस्तकात 'कामगारांना विश्वासात घ्यावे' असं वाक्य असतं आणि त्यावर चार मार्कांची टीप येते. लिलियन गिलब्रेथ यांनी १९१५ साली मानसशास्त्रात डॉक्टरेट मिळवली, ती उगाच नाही. हालचाली मोजणाऱ्या या बाईला हालचाल करणारं माणूसही समजून घ्यायचं होतं. पण आपण त्यांचं नाव घेतो ते बहुतेक नवऱ्याच्या जोडीने, विटा रचताना हालचाली कमी करण्याच्या प्रयोगापुरतं.

अहवाल चार पानी झाला. दुसऱ्या बेंचची गरज नाही, १८० पैकी जवळपास सगळे याच बेंचवर निघतील. मशीन शॉपमध्ये साइजचा क्रम लावा, म्हणजे सेटिंग शिफ्टला दोनदाच होईल. फिक्स्चरसाठी बेंचशेजारी रॅक करा, आणि पाना डावीकडे टांगा. शेवटच्या पानावर लिहिलं, ही शंभर मिनिटं आजवर ऑपरेटरच्या उत्पन्नाचा भाग होती. प्रोत्साहन भत्त्याचा दर बदलल्याशिवाय वरचं काही अमलात आणू नये.

बैठकीत पहिली तीन पानं लगेच मंजूर झाली. प्रॉडक्शन हेडना बेंचचे पैसे वाचल्याचा आनंद होता. चौथ्या पानावर ते म्हणाले, "हा विषय एचआरचा आहे, तुमचा नाही." मी म्हटलं, मिनिटं मी काढलीत, तर ती कुठून काढली हे सांगणंही माझ्याच कामात येतं. आवाज थोडे चढले. एचआर, युनियन, पुन्हा एचआर अशी फाइल बरीच फिरली. शेवटी १५० च्या वरच्या प्रत्येक व्हॉल्व्हवर भत्ता ठरला. ओव्हरटाइम पूर्ण भरून निघाला नाही, बराचसा निघाला. ऑपरेटरने रॅकची जागा स्वतः आखून दिली, आणि आम्ही काढलेलं चित्र बाजूला ठेवून दिली. त्याची जागा जास्त चांगली होती.

मुलीने इंडस्ट्रियल घेतलं. परवा तिचा फोन आला होता, ऐच्छिक विषय निवडायचे होते. तिने सिम्युलेशन, म्हणजे संगणकावर कामाची नक्कल करून पाहण्याचा विषय, सोडून औद्योगिक संबंध आणि कामगार कायदा घेतलाय. कारण मला समजतं, पण सिम्युलेशन सोडणं काही पटलेलं नाही. मी तिला अर्धा तास तेच समजावत होते. ती म्हणाली, बघू, पुढच्या सेमिस्टरला.