वैनगंगेच्या खळाळात जेट बोट: इंजिन पळतंय, बोट थांबलीय

आरपीएमचा, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांचा, काटा ३४०० वरून ४२०० वर चढला आणि त्याच क्षणी बोटीचा वेग पडला. जेट बोटीवर या दोन गोष्टी एकत्र दिसल्या की कारण शोधत बसायचं नसतं: पंपाला पाणी मिळत नाहीये. आम्ही तेव्हा वैनगंगेच्या एका खडकाळ पट्ट्यात, खळाळाच्या बरोबर मध्यावर, प्रवाहाविरुद्ध चढत होतो.

काम मार्गाच्या तपासणीचं होतं. ऑक्टोबरमध्ये, पूर ओसरल्यावर, वडसा भागात प्रवासी फेऱ्या सुरू करता येतील का, एवढंच बघायचं होतं. साडेपाच मीटरची अॅल्युमिनियमची बोट ट्रेलरवर चढवून नागपूरहून उमरेड, भिवापूर, नागभीड, ब्रह्मपुरी या रस्त्याने आणली. रस्त्यात दोनदा थांबून ट्रेलरच्या चाकांच्या हबला हात लावून पाहिला. हात टेकवता आला नाही, तर बेअरिंग गेलंच समजा. बोट बांधलेले पट्टेही पहिल्या तासातच सैल पडतात. नदीपर्यंत धड पोचणं हा या कामाचा अर्धा भाग आहे.

पाण्यात उतरवण्याआधी गोसेखुर्दहून पाणी सोडणार आहेत का, हे विचारून घेतलं. धरणाला ३३ दरवाजे आहेत. त्यातले थोडे जरी उघडले, तरी खालच्या खळाळाचं रूप तासाभरात पालटतं. मग बुडाचं बूच लावलं आणि पेट्रोलची वाफ निघून जावी म्हणून इंजिनखोलीचा पंखा चार मिनिटं चालवला. त्यानंतरच चावी फिरवली. लाइफ जॅकेटचा मांड्यांमधून जाणारा पट्टा सगळ्यांचा आवळला होता. तो मोकळा राहिला तर माणूस पाण्यात खाली राहतो आणि जॅकेट वर सरकतं.

ज्यांचा हात ओबीएमवर, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून लावलेल्या इंजिनावर, बसलाय, त्यांना जेटची सवय व्हायला वेळ लागतो. बोटीखाली पंखा नसतो. बुडाला जाळी लावलेलं तोंड असतं, तिथून पाणी आत ओढलं जातं. इम्पेलर, म्हणजे पंपातलं फिरणारं पात्यांचं चाक, ते मागे रेटतो, स्थिर पाती त्याचा पीळ काढतात आणि निमुळत्या नोझलमधून ते जोरात बाहेर फेकलं जातं. सुकाणू म्हणजे हे नोझलच. मागे यायचं असेल तर धारेवर एक बादलीसारखा पडदा पडतो आणि धार पुढच्या दिशेला वळते. म्हणून थ्रॉटल सोडला की सुकाणूही गेलं. खडक दिसल्यावर घाबरून हात ढिला करणं ही नव्या चालकाची सर्वांत महाग पडणारी चूक. बोट तशीच सरळ खडकावर जाते.

हे यंत्र न्यूझीलंडच्या उथळ, गोट्यांनी भरलेल्या नद्यांसाठी बिल हॅमिल्टन यांनी १९५० च्या दशकात घडवलं. १९६० मध्ये या बोटी कोलोरॅडो नदीतून ग्रँड कॅन्यन उलट्या दिशेने चढल्या. १९७७ मध्ये एडमंड हिलरी तीन जेट बोटी घेऊन गंगासागरहून गंगेतून वर निघाले आणि नंदप्रयागजवळच्या धबधब्याने त्यांना अडवलं. वैनगंगेची अडचण मात्र धबधब्याची नाही. इथे रेती आहे, जलपर्णी आहे आणि मासेमारीची जाळी आहेत.

खळाळ पहिल्यांदा उलटा चढायचा, हा आमचा नियम. चढताना जमिनीच्या मानाने वेग कमी असतो, पाणी वाचायला वेळ मिळतो आणि इंजिन बंद पडलं तर प्रवाह आपल्याला आपण नुकत्याच पाहिलेल्या डोहातच परत नेतो. पुढे बसलेले ढीवर, म्हणजे मासेमार समाजाचे, काका हाताने दिशा दाखवत होते. "तिकडं नोको जाऊ भाऊ, खाली गोटा आहे," असं ते म्हणाले, तिथे पाण्यावर फक्त एक गुळगुळीत फुगवटा दिसत होता. टोक वरच्या अंगाला, प्रवाहाच्या उलट, असलेली पाण्याची पाचर म्हणजे खाली दगड. टोक खाली, प्रवाहाच्या दिशेला, असलेली पाचर म्हणजे दोन दगडांमधली खोल धार, तीच आपली वाट. बारीक चुरचुरणारं पाणी म्हणजे गोट्यांचा उथळ पट्टा. वेगात वर उचललेली बोट असा पट्टा वीतभर पाण्यातून पार करते. तिथेच वेग कमी केला तर मागचा भाग खाली बसतो, तोंड तळाशी जातं आणि पंप गोटे गिळतो.

काकांनी खडक अचूक सांगितले. पण ते वरच्या गावचे. पाणी उतरेल तशी खालच्या गावची मंडळी जाळी सरकवत नेतात, म्हणजे कालची माहिती आज खोटी ठरते. आम्ही नेमका जाळ्यांचा प्रश्न त्या सकाळी कुणाला विचारला नव्हता.

काटा चढला तेव्हा थ्रॉटल वाढवावासा वाटतो. वाढवायचा नाही. तोंड चोंदलेलं असताना वेग वाढवला की अडकलेली वस्तू आणखी आत ओढली जाते, शिवाय इंजिन थंड करणारं पाणीही याच पंपातून येतं. तापमान चढायला लागलंच होतं. उरलेल्या जोरावर बोटीचं नाक वरच्या दिशेला धरलं, जरासं डावीकडे कललेलं, आणि प्रवाहाच्या रेट्यानेच बोट आडवी सरकू दिली. डाव्या अंगाला मोठ्या खडकामागे पाणी उलटं फिरत होतं. तिथे शिरलो, पुढून दोर खडकाला टाकला आणि इंजिन बंद केलं. दोर किंवा नांगर वाहत्या पाण्यात मागून कधीच बांधायचा नाही, मागची कड दबून बोट भरते.

चावी काढून खिशात ठेवली, ही पायरी कुणीच गाळू नये. दोघांना पुढे बसवलं, म्हणजे मागचा भाग उचलला जाऊन तपासणीचं झाकण पाण्याच्या वर येतं. झाकण उघडून हात घातला. इम्पेलरच्या दांड्याभोवती नायलॉनचं जाळं घट्ट पिळलेलं, त्यात जलपर्णीच्या मुळ्या आणि लिंबाएवढा एक गोटा. वेगामुळे नायलॉन वितळून ठिकठिकाणी कडक झालेलं. आकड्याच्या सुरीने एकेक फेरा कापत ते काढायला पाऊण तास लागला. ओढून काढायला गेलं तर सीलला इजा होते आणि दांड्यावाटे पाणी बोटीत शिरतं. एका पात्याची कड दुमडली होती, ती कानशीने साफ केली. पात्याची कड आणि बाहेरचं कडं यांच्यात एक मिलिमीटरच्या आतच फट असावी लागते. वैनगंगेची रेती ती फट हळूहळू वाढवते, म्हणून रोजच्या फेऱ्या झाल्या तर ते कडं बदलायला ठेवावंच लागेल.

जाळ्याचा मालक काठाकाठाने चालत येऊन वर उभा होता. कापलेला भाग हातभर होता, पण जाळं तिथून पुढे उसवत जातं. त्याने तुकडा हातात घेऊन गाठी मोजल्या, बोलला काहीच नाही. नव्या जाळ्याचे पैसे त्याला तिथेच दिले. त्याचं पोट त्या जाळ्यावर आहे, आमची तर ती फक्त चाचणी होती.

खाली उतरताना तोच पुढे बसला. उतरतानाही थ्रॉटल सोडायचा नाही, नाहीतर सुकाणू जातं. तो हात उचलायचा, मी वळवायचो.

अहवालात तीन अटी लिहिल्या. गोट्यांच्या पट्ट्यावर उभं राहून मोजलेलं पाणी ४० सेंटिमीटरच्या खाली गेलं, तर त्या दिवशी प्रवासी घ्यायचे नाहीत. धरणाकडून त्या सकाळची खबर आल्याशिवाय बोट सोडायची नाही. आणि दोन्ही काठांच्या ढीवर मंडळींशी बोलून रोज पहाटे जाळ्यांची जागा ठरवायची, तिथे रिकाम्या पांढऱ्या बाटल्या बांधायच्या. निघण्यापूर्वी डाव्या अंगाच्या त्या खडकावर ४० सेंटिमीटरची खूण लाल रंगाने ओढली. रंग वाळेपर्यंत जाळ्याच्या मालकाने पहिल्या दोन बाटल्या बांधूनही टाकल्या होत्या.