मायाचा पगार, जोनचं घर

मंगळवार

‘गर्लफ्रेंड्स’ पुन्हा पहिल्यापासून बघायला घेतली आहे. ११ सप्टेंबर २००० रोजी यूपीएन या अमेरिकन वाहिनीवर सुरू झालेली ही मालिका लॉस एंजेलिसमधल्या चार कृष्णवर्णीय मैत्रिणींची. जोन वकील. टोनी घरं विकणारी एजंट. लिन शिकतच राहिलेली, एकामागून एक पदव्या घेत गेलेली. आणि माया, जोनच्याच ऑफिसात तिची सेक्रेटरी. पहिल्या वेळी मी त्यांच्या प्रेमप्रकरणांत रमले होते. कोण कोणाशी लग्न करणार, कोण कोणाला सोडणार, एवढ्यासाठी रात्री जागवल्या. या खेपेला मला जिकडेतिकडे पैसा दिसतोय. कोण किती कमावतं, कोण कोणाच्या घरात राहतं, हॉटेलातलं बिल कोण भरतं, आणि ते भरल्याचं कोण लक्षात ठेवतं.

माया तर या वेळी मनातून हलतच नाही. ती लॉस एंजेलिसच्या दक्षिणेकडच्या कॉम्प्टनची. कोवळ्या वयात लग्न, मुलगा जबारी, नवरा डार्नेल. बाकीच्या तिघी यूसीएलए या तिथल्या विद्यापीठात एकत्र शिकल्या, त्यांची ती जुनी वर्षं मायाच्या वाट्याला आलीच नाहीत. दिवसभर जोनचे फोन घ्यायचे, फायली लावायच्या, आणि संध्याकाळी त्याच जोनच्या सोफ्यावर बसून तिला सांगायचं की हा माणूस तुझ्या लायकीचा नाही. आपला पगार जिच्या मर्जीवर आहे तिच्या तोंडावर हे बोलायला किती बळ लागत असेल! माया बोलते. टोनी तिच्या राहणीवरून, भाषेवरून टोचते, तेव्हा तिलाही सोडत नाही. अभिनेत्री गोल्डन ब्रूक्सने ही भूमिका अशी केली आहे की मायाची कीव एकदाही येत नाही.

मी लाँग बीचहून डाउनटाउनला ए लाइनच्या गाडीने जाते. वाटेत कॉम्प्टन लागतं. तिथे चढणाऱ्या बायांमध्ये ऑफिसचे कपडे घातलेल्या, मांडीवर पर्स घट्ट धरून डोळे मिटून बसणाऱ्या कितीतरी असतात. त्यांच्याविषयी मला काहीच ठाऊक नाही, आणि उगाच काही कल्पून घेणंही बरं नाही. पण जोनच्या घरची पार्टी संपल्यावर मायाला किती लांब परत जायचंय, हे मला ही गाडी रोज पकडायला लागल्यापासून कळलं. पडद्यावर तो रस्ता फारसा दिसत नाही.

गुरुवार

मालिका लिहिणारी मारा ब्रॉक अकिल तेव्हा जेमतेम तिशीची होती. ‘मोइशा’ या आधीच्या मालिकेच्या लेखनात तिचा हात तयार झालेला. तिच्याआधी १९९३ मध्ये यव्हेट ली बाउझरने ब्रुकलिनमधल्या मैत्रिणींवर ‘लिव्हिंग सिंगल’ आणली होती. ‘फ्रेंड्स’ त्यानंतर वर्षभराने आली. बाउझरने दार उघडलं हे खरंच. पण मैत्रिणींमधली आर्थिक दरी अकिलने जशी मध्यावर आणून ठेवली तशी मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

लिनचंच बघा. गोऱ्या कुटुंबात दत्तक म्हणून वाढलेली, हुशार, प्रेमळ, आणि वर्षानुवर्षं जोनच्या घरात राहणारी. भाडं नाही, किराणा नाही. जोन चिडते, बडबडते, आणि पुन्हा ठेवून घेते. आधी मला वाटायचं, केवढी उदार आहे जोन. आहेच ती उदार. पण तिला कोणीतरी आपल्यावर अवलंबून असलेलं लागतंही. घर तिचं, जेवणाचं टेबल तिचं, म्हणून सगळ्यांनी कसं जगावं याबद्दलचा शेवटचा शब्दही तिचा. जोनची भूमिका करणारी ट्रेसी एलिस रॉस हे सगळं नुसत्या डोळ्यांनी दाखवते: मदत करताना जोनच्या चेहऱ्यावर येणारं ते समाधान, आणि समोरचीने आभार मानले नाहीत की क्षणात येणारी दुखावलेली छटा. सुरुवातीच्या भागांत जोन थेट कॅमेऱ्याकडे वळून आपल्याशी बोलते. गोष्ट सांगायचा हक्कही तिच्याकडेच, हे मला आज जाणवलं आणि मी तिथेच थांबून तो भाग परत लावला.

टोनीचं दुखणं वेगळं. ती फ्रेस्नोची, गरिबीतून आलेली, आई दारूच्या आहारी गेलेली. (आईच्या भूमिकेत जेनिफर लुइस आहे. ती आली की बाकी कोणाकडे बघणं अशक्य.) टोनीला त्या घराची लाज वाटते. ती महागडे कपडे घालते, श्रीमंत पुरुष शोधते, आणि ज्याच्यावर खरं प्रेम आहे त्या चित्रकार ग्रेगला फसवते. लोक तिला स्वार्थी म्हणतात. मला ती भेदरलेली वाटते. जी एकदा कशीबशी वर आली आहे तिला खाली बघायचीसुद्धा भीती वाटते, आणि म्हणूनच मायाला सगळ्यांत जास्त तीच टोचते. माया तिला तेच घर आठवून देते ना.

सांगलीला आईची भिशी असायची. महिन्याला ठरलेली रक्कम, चिठ्ठी निघेल तिला सगळे पैसे. पण कोणाच्या मुलीचं लग्न आलंय, कोणाच्या नवऱ्याची गिरणी बंद पडलीय, हे सगळ्यांना माहीत असायचं, आणि तिला चिठ्ठीशिवाय आधी उचल दिली जायची. त्यावर भाषण नाही, उपकार नाही. पैशाची गोष्ट पोह्यांच्या बशीशेजारी उघड मांडलेली असायची. आम्ही इथल्या मैत्रिणी ॲपवरून बिल चार सारख्या भागांत वाटतो आणि आपण फार नीट वागलो असं समजतो. चौघींचे पगार सारखे नाहीत, हे चौघींनाही माहीत असतं.

शुक्रवार

दमलेय. एकच भाग पाहिला. माया आपलं ‘ओ, हेल येस!’ हे पुस्तक घेऊन धडपडते तो. हे पुस्तक जोनने दिलेलं नाही, नवऱ्याने दिलेलं नाही. सेक्रेटरीची नोकरी करताकरता लिहिलेलं आहे. माया लेखिका झाल्यावर जोनला आनंद होतो आणि कुठेतरी बोचतंही, आणि दोन्ही खरं वाटतं. त्याच सुमारास जोन स्वतः वकिली सोडून रेस्टॉरंट काढायच्या मागे लागते. भरल्या पगाराची नोकरी सोडायची मुभा कोणाला असते आणि कोणाला नसते, हे या दोघींना शेजारीशेजारी ठेवून बघावं.

रविवार

शेवटाबद्दल लिहायचं टाळत होते. लहानपणापासूनच्या जिवलग जोन आणि टोनी सहाव्या सीझनच्या अखेरीस तुटतात. टोनीच्या मुलीच्या ताब्याचा खटला, आणि कोर्टात जोन वेळेला पोचत नाही. आयुष्यभर सगळ्यांसाठी धावणारी जोन नेमकी त्या दिवशी नसते. २००६ मध्ये टोनीची भूमिका करणारी जिल मरी जोन्स मालिकेतून बाहेर पडली, आणि मग त्या दोघींची दिलजमाई कधी झालीच नाही. त्याच वर्षी यूपीएन बंद होऊन सीडब्ल्यू वाहिनी आली. नोव्हेंबर २००७ मध्ये हॉलिवूडच्या लेखकांचा संप सुरू झाला, आणि ११ फेब्रुवारी २००८ ला १७२ वा भाग दाखवून मालिका थांबली. संप मिटला तो दुसऱ्याच दिवशी. निरोपाचा भाग नाही. आठ सीझन ज्यांनी ही माणसं घरात घेतली त्यांना साधं ‘येतो’ म्हणणंही नाही. मला याचा आजही राग येतो. एवढी वर्षं चाललेल्या दुसऱ्या एखाद्या मालिकेला असं दारातून हाकलून दिलं असतं का?

त्यानंतर आठ वर्षांनी इसा रेची ‘इन्सिक्युअर’ ही मालिका आली, शहर तेच. त्यातली मॉली वकील आहे, जोनसारखीच. तिच्या हातात चुकून गोऱ्या सहकाऱ्याचा पगाराचा चेक येतो आणि तो आपल्यापेक्षा किती जास्त घेतो ते तिला कळतं. जोनकडे असा चेक कधी आला नाही. आला असता तर मायाला, लिनला सांभाळून घेणाऱ्या या बाईला आपल्यावरही कोणी तरी हात राखून खर्च करतंय हे दिसलं असतं. मॉलीला दिसलं, आणि पुढची नोकरी शोधताना ते ती विसरली नाही.

संध्याकाळी आमच्या चौघींतली एकजण फोनवर होती. तिची नोकरी गेली त्याला काही महिने झाले. तेव्हापासून बाहेर जेवायला यायचं ती काही ना काही कारणाने टाळते आणि आम्ही ती कारणं मान्य करतो. उद्या तिची मुलाखत आहे. कॅलिफोर्नियात २०२३ पासून पंधरा किंवा जास्त माणसं असलेल्या कंपनीला जाहिरातीत पगाराची पट्टी द्यावी लागते. तिने वाचून दाखवली: खालचा आकडा, वरचा आकडा, मध्ये दरी. "कुठला सांगू गं? वरचा सांगितला तर हावरट वाटेन."

मी तिला माझा पगार सांगितला. नेमका आकडा, बोनससकट, आणि पहिल्या वर्षी मी किती कमी मागितला होता तोही. आमच्या ओळखीत असं पहिल्यांदाच घडलं. मग तिने तिचा जुना पगार सांगितला. एकाच प्रकारचं काम, आणि तो माझ्यापेक्षा इतका कमी होता की मला पुढे काय बोलावं सुचेना. ती मात्र भराभर आकडे मांडू लागली: भाडं, आईच्या औषधांना घरी पाठवायचे पैसे, मुलाच्या दातांचं काम. अर्धा तास आम्ही फक्त हिशेब केला. वरच्या आकड्याच्या जवळचा एक आकडा ठरला आणि तो ती मला मोठ्याने म्हणून दाखवत राहिली, आवाज कापेनासा होईपर्यंत.

बाकीच्या दोघींनाही विचारायचं ठरलं आहे. पुढच्या शनिवारी जेवण माझ्याकडे, बाहेर नाही. प्रत्येकीने आपला आकडा घेऊन यायचं.